मनाचा आजार: एकच मूळ की लक्षणांचं जाळं?

चिचगडच्या जंगलपट्ट्याला मलेरिया नवा नाही. हुडहुडी भरून ताप चढला की बोटातून रक्त घेतात, परजीवी सापडला की गोळ्या सुरू होतात. परजीवी मेला की ताप, हुडहुडी, डोकेदुखी सगळंच ओसरतं. डिप्रेशनही असंच असतं, हा सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज. आत काहीतरी एकच दडलंय आणि उडालेली झोप, मेलेली भूक ही त्याची नुसती खूण आहे, असं आपण धरून चालतो. पण डिप्रेशनचं निदान करणारी रक्ततपासणी आजवर सापडलेली नाही.

ॲमस्टरडॅम विद्यापीठातले डेनी बोर्सबूम आणि अँजेलिक क्रेमर यांनी सहकाऱ्यांसोबत २०१० साली वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते लक्षणंच एकमेकांना जन्म देतात आणि त्यांचं जाळं हाच आजार. रोवणा झाला, पावसानं दडी मारली, डोक्यावर कर्ज. शेतकऱ्याची झोप उडते. झोप नाही म्हणून अंगात त्राण नाही. त्राण नाही म्हणून बांधावर जाणं राहतं. काम राहिलं म्हणून तो स्वतःलाच दोष देतो आणि तो दोष त्याला पुन्हा रात्रभर जागवतो. आता पाऊस आला तरी हे चक्र थांबेलच असं नाही. ‘कारण संपलं, मग हा अजून असा का?’ असं घरच्यांनी विचारणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

डिप्रेशन सगळ्यांचं सारखं, हेही खरं नाही. नऊपैकी किमान पाच लक्षणं दोन आठवडे, असा निदानाचा नियम आहे. त्यात उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच. आयको फ्राइड आणि रँडॉल्फ नेसी यांनी २०१५ साली ३,७०३ अमेरिकी रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा लक्षणांचे १,०३० वेगवेगळे संच निघाले.

जाळ्याच्या मधोमध दिसणारं लक्षण बरं केलं की आजार संपला, हा गैरसमज मात्र अभ्यासकांमध्येही पसरला होता. लक्षणांच्या जाळ्याचे बहुतेक नकाशे अनेकांना एकदाच प्रश्न विचारून काढलेले असतात. दोन लक्षणं सोबत आढळतात एवढंच त्यांतली रेघ सांगते. कोणामुळे कोण, हे सांगत नाही. एका माणसाचं जाळं समजायचं तर त्यालाच दिवसातून अनेकदा, आठवडेच्या आठवडे विचारावं लागतं.

औषध नको, निदान नको, असाही याचा अर्थ नाही. पण ‘मन घट्ट कर’ या सल्ल्यापेक्षा कितीतरी ठोस वाट यातून दिसते. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराचं व्यावसायिक शिक्षण नसलेल्या, पण खास तयार केलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना पुन्हा रोजच्या छोट्या कामांत आणि माणसांत आणलं. भेटी सहा ते आठ. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली निष्कर्ष आले: त्रास कमी झाला. फायदा वर्षभरानंतरही टिकल्याचं पुढच्या पाहणीत दिसलं. हा उपचार या सिद्धांतातून जन्मला नव्हता, पण कडी कुठून तोडता येते ते त्यात दिसतं.

जीव द्यावासा वाटणं मात्र जाळ्यात कुठेही असो, त्याची दखल त्याच क्षणी घ्यायची. टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.