पदपथाचा पाया
संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांमध्ये रस्त्यांचा समावेश आहे. त्यामुळे पेव्हर ब्लॉकच्या पदपथांची गुणवत्ता हा ग्रामविकासाचाही प्रश्न ठरतो. पाया कच्चा राहिल्यास एकाच पावसाळ्यात ब्लॉक खचतात; खर्च वाया जातो आणि वृद्धांना चालणे धोक्याचे होते.

ब्लॉक आपल्यावरील भार खालच्या थरांकडे सोपवतात. म्हणून प्रथम मुळे व सैल माती काढून जमीन ठोकून घ्यावी. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते; ती अधिक खोलवर काढून चांगला मुरूम भरावा. त्यावर खडीचा १०० ते १५० मिलिमीटर जाडीचा थर द्यावा. खडी एकाच आकाराची नसावी. लहानमोठ्या खडीत चुरी मिसळल्यास पोकळ्या भरतात. हा थर दोन टप्प्यांत पसरून, थोडे पाणी शिंपडून प्रत्येक वेळी दबाई करावी. पाण्याच्या निचऱ्यासाठी रुंदीच्या दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर उतार ठेवावा आणि कडांना भक्कम आधार द्यावा.

वरचा वाळूचा थर २० ते ४० मिलिमीटरच असावा. खडीतील खळगे वाळूने बुजवू नयेत. ब्लॉक बसल्यावर पाया दिसेनासा होतो. त्यामुळे पंचायतीने त्यापूर्वीच जाडी मोजून तिची नोंद करणे हिताचे ठरते.