‘बर्न’ म्हणजे नक्की काय? जळाला, जाळला आणि प्रश्नावलीतला एक शब्द

पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं की सर्व्हेचा विषय निघतो. बहुतेक ठिकाणी पद्धत ठरलेली असते : प्रश्नावली आधी इंग्रजीत करायची, गाईडकडून तपासून घ्यायची आणि शेवटी कुणाकडून तरी मराठी करून घ्यायची. भाषांतर म्हणजे टायपिंगसारखंच एक काम, असं आपण धरून चालतो. पण एका शब्दाच्या भाषांतरात आख्खा डेटा कसा घसरू शकतो, हे आज ‘बर्न’ या साध्या शब्दावरून बघू. उदाहरणं मुद्दाम नगर जिल्ह्यातली घेतली आहेत (कागदोपत्री आता अहिल्यानगर), कारण इथे ऊसही आहे आणि दुष्काळही.

शब्दकोश काय सांगतो

इंग्रजीत ‘बर्न’ एकच. घर आपोआप पेटलं तरी ‘बर्न’, कुणी पेटवलं तरी ‘बर्न’. हाताला चटका बसला, भाकरी करपली, उन्हाने कातडी लाल झाली, ॲसिड सांडलं, सगळीकडे तोच शब्द.

मराठीत असं चालत नाही. लाकूड जळतं, हात भाजतो, जीभ पोळते, भाकरी करपते, उन्हात माणूस होरपळतो, चूल पेटते. ‘माझा हात जळाला’ असं सहसा कुणी म्हणत नाही. पण दवाखान्यातला वॉर्ड मात्र ‘जळीत कक्ष’ असतो. म्हणजे बोलण्यातला शब्द वेगळा आणि कार्यालयातला वेगळा.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. मराठीत पडणे-पाडणे, गळणे-गाळणे, मरणे-मारणे अशा जोड्या आहेत. तशीच जळणे-जाळणे. पहिल्या क्रियापदात कर्ता कोण ते सांगावं लागत नाही, दुसऱ्यात कुणीतरी ते केलेलं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मराठी शब्द तपासायचा तर मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८) हे दोन्ही बघा. मात्र कोश जुना असला की त्यात त्या काळाची भाषा असते. मोटर ‘जळते’ हे १८५७ च्या कोशात सापडणार नाही.

बोलीतला अर्थ

इंग्रजी स्लँगमध्ये ‘बर्न’ म्हणजे समोरच्याला गप्प करणारा टोमणा. स्टार्टअपवाले ‘कॅश बर्न’ म्हणतात, म्हणजे कमाईआधीच पैसा संपत जाणं. जिममध्ये कॅलरी बर्न होतात. ‘बर्नआउट’ हा शब्द मानसशास्त्रात १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या लेखामुळे रुळला. आगीशी यातल्या कशाचाच थेट संबंध नाही.

आपल्याकडेही तसंच. ‘तो माझ्यावर जळतो’ म्हणजे मत्सर करतो. आणि ‘जाळ अन् धूर संगटच’ ही तर चक्क दाद आहे. आता समजा तुम्ही मराठी कमेंट गोळा करून त्या सकारात्मक की नकारात्मक हे संगणकाकडून ठरवून घेताय. शब्दांच्या यादीत ‘जाळ’ आणि ‘धूर’ नकारात्मक टाकले असतील, तर भरभरून केलेलं कौतुक निषेध म्हणून मोजलं जाईल.

विज्ञानातला अर्थ

इथेही गंमत आहे. ज्वलन म्हणजे इंधनाची ऑक्सिजनशी उष्णता देणारी अभिक्रिया. पण चुनखडी ‘भाजतात’ तेव्हा चुनखडी स्वतः जळत नाही. उष्णतेने तिचं विघटन होऊन चुना आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ताऱ्यांमध्ये हायड्रोजन ‘बर्न’ होतो असं खगोलशास्त्रज्ञ म्हणतात, पण ते असतं केंद्रकांचं संमीलन. म्हणून थिसिसमध्ये शब्द वापरताना तो कोणत्या शाखेचा, हे आधी ठरवायचं.

आता शेतात या

पाथर्डी किंवा जामखेड तालुक्यात तुम्ही विचारलं, “यंदा पीक जळालं का?” उत्तर येईल, “पार जळालं की.” फॉर्मवर तुम्ही ‘बर्न्ट : होय’ अशी खूण करणार. प्रत्यक्षात तिथे काडी पेटलेलीच नसते. पावसाने ओढ दिली म्हणून बाजरी वाळलेली असते. खत जास्त पडलं तरी पीक ‘जळतं’. कांद्यावर ‘करपा’ येतो, तोही आगीमुळे नाही. जांभळा करपा हा अल्टरनेरिया पोरी या बुरशीचा रोग आहे, पात करपल्यासारखी दिसते म्हणून ते नाव. व्होल्टेज कमी-जास्त झालं की मोटर जळते, लोड वाढला की डीपी जळतो.

म्हणजे एकाच ‘होय’मध्ये दुष्काळ, खत आणि आग अशा तीन वेगळ्या गोष्टी शिरल्या. यातून काढलेली टक्केवारी कितीही सुबक दिसली तरी तिला अर्थ नाही.

एका कान्याचा फरक

खरी अडचण उसात आहे. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून हा जिल्हा उसाचा म्हणूनच ओळखला जातो. फडाला आग लागते ती कधी विजेच्या तारांच्या ठिणगीने, कधी शेजारच्या बांधावरून, कधी पाला जाऊन तोडणी सोपी व्हावी म्हणून मुद्दाम. जळीत ऊस लवकर गाळावा लागतो, कारण उशीर झाला की त्यातल्या सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होत जातं आणि साखर कमी निघते. म्हणून जळीत उसाच्या पैशात कपात होते.

आता ‘ऊस जळाला’ आणि ‘ऊस जाळला’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात शेतकऱ्याचं नुकसान झालंय. दुसऱ्यात कुणावर तरी ठपका आहे. नुकसानभरपाई मिळणार की नाही, हे याच फरकावर ठरू शकतं. तुम्ही वही घेऊन बांधावर उभे राहून “ऊस जाळला का?” असं विचारलं, तर समोरचा माणूस सावध होणारच. तो खोटारडा आहे म्हणून नाही, तर तुमच्या प्रश्नातच आरोप आहे म्हणून. इंग्रजी फॉर्ममधल्या ‘बर्न्ट केन’ला हा फरक दिसतच नाही.

“मग उपग्रहाचा डेटा घेऊ, माणसांना विचारायलाच नको,” असं कुणी म्हणेल. पण उपग्रहही त्याच्या व्याख्येनेच बघतो. मोडिसचा पिक्सेल सुमारे १ किलोमीटरचा, व्हीआयआयआरएसचा ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास १४ हेक्टर. त्याहून लहान आगही पुरेशी तापलेली असेल तर पकडली जाते, पण उपग्रह वरून जाईल त्या वेळी ती पेटलेली हवी. तासाभरात विझलेलं पाचट त्याच्या नोंदीतून निसटू शकतं. आणि आग कुणी लावली, हे त्याला कधीच कळत नाही.

मग करायचं काय?

१. आधी कार्यकारी व्याख्या मराठीतच लिहा. उदा. ‘आग : ज्वाळा दिसल्या आणि शेताचा काही भाग काळा पडला.’

२. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. “पिकाचं नुकसान झालं का?”, “कशामुळे?”, “आग लागली होती का?”, “कधी?” हे चार वेगळे प्रश्न आहेत.

३. आरोप करणारं क्रियापद टाळा. “जाळलं का?” ऐवजी “तोडणीनंतर पाचटाचं काय केलं?” असं विचारा आणि कुट्टी, आच्छादन, जनावरांना, पेटवलं असे पर्याय ठेवा.

४. उलट भाषांतर करा. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून मराठी प्रश्न परत इंग्रजीत करून घ्यायचे आणि दोन्ही ताडून बघायचे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली. पण फक्त तिच्यावर विसंबू नका. ‘जळालं’चं उलट भाषांतर ‘बर्न्ट’च येईल आणि चूक तशीच राहील.

५. म्हणून पायलट हवाच. पाच-दहा जणांना प्रश्न विचारा आणि लगेच पुढे विचारा, “तुम्हाला यातून काय समजलं?” जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

यात दोन-तीन दिवस जास्त जातील, सिनॉप्सिसमध्ये त्याचं एक वाक्यही दिसणार नाही. पण सर्व्हेच्या आकड्यांवरून उद्या कुणी म्हणालं की ‘या भागातले निम्मे शेतकरी पिकं जाळतात’, आणि खरं म्हणजे त्यातल्या बहुतेकांची पिकं पाण्यावाचून गेली असतील, तर त्या वाक्याची किंमत आपण मोजत नाही, ते शेतकरी मोजतात. तुमच्या प्रश्नावलीत असा दोन अर्थांचा शब्द कोणता आहे, तो फील्डला जायच्या आधी शोधा.