रिबेका, सैतान आणि बुटाच्या आकाराची मोटार

1876 साली हैदराबादचे दिवाण, पहिले सर सालारजंग, विलायतेला निघाले ते राजकारण डोक्यात ठेवूनच. वऱ्हाड इंग्रजांकडून परत मिळावं, हा त्यांचा जुना ध्यास. वाटेत इटलीत राजाची आणि पोपची भेट झाली. पॅरिसला ग्रँड हॉटेलच्या जिन्यावरून ते घसरले, मांडीचं हाड मोडलं, आणि इंग्लंडच्या भूमीवर दिवाणसाहेबांना उचलून उतरवावं लागलं. ऑक्सफर्डने मानद पदवी दिली, लंडन शहराने सन्मान केला. वऱ्हाड काही मिळालं नाही. त्या दौऱ्याचं राजकारण आता इतिहासाच्या परीक्षेपुरतं उरलंय. पण रोममध्ये घेतलेली एक संगमरवरी बाई मात्र हैदराबादेतल्या प्रत्येक शाळकरी पोराच्या ओळखीची आहे.

ही रिबेका. बायबलातल्या इसाकची होणारी बायको. नवरा समोरून येताना दिसला म्हणून तिने चेहऱ्यावर ओढणी घेतली, तो क्षण. शिल्पकार जोव्हानी मारिया बेंझोनी. ओढणी दगडाची आणि तिच्याआडचे नाकडोळेही दगडाचेच, तरी पाहणाऱ्याला पातळ कापडाआडचा चेहरा दिसतो. दगड कुठेही पारदर्शक नाही. कापड जिथे कातडीला चिकटायला हवं तिथे पृष्ठभाग गुळगुळीत आणि जिथे सुटायला हवं तिथे बारीक चुणी; बाकीचं काम पाहणाऱ्याचा डोळाच करतो. इटलीत ही करामत जुनी. नेपल्सच्या सान्सेव्हेरो चॅपेलमध्ये 1753 साली जुझेप्पे सानमार्तिनोने चादरीखालचा मृत ख्रिस्त असाच घडवला. तो इतका हुबेहूब साधला, की तिथल्या किमयागार राजपुत्राने खऱ्या कापडाचाच संगमरवर केला, असं लोक कित्येक पिढ्या मानत होते.

गंमत अशी, की हैदराबादची रिबेका एकुलती एक नाही. बेंझोनी 1873 मध्येच वारला, पण त्याच्या कारखान्यातून या विषयाच्या बऱ्याच प्रती बाहेर पडल्या. एक डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे, एक अटलांटाच्या हाय म्युझियममध्ये. मुलीच्या बाळंतपणासाठी अटलांटाला गेलेल्या, हैदराबादेतल्या विद्यानगरच्या आजीबाईंना तिथल्या दालनात रिबेका दिसली, तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा, की आमची बाई इकडे कधी आली? त्यात काही नवल नाही.

कलेचे जाणकार, ही रिबेका जिथे आहे त्या सालारजंग संग्रहालयातल्या युरोपीय दालनांबद्दल जरा नाक मुरडूनच बोलतात. त्यांची दाद चिनी हिरव्या दगडाच्या वस्तूंना, मोगल शस्त्रांना, हस्तलिखितांना. ते चुकीचं नाही. पण शुक्रवारची सुट्टी सोडून कुठल्याही दिवशी तिथे जाऊन पाहावं, गर्दी कुठे असते. ती असते रिबेकाभोवती, दोन अंगांच्या लाकडी पुतळ्याभोवती आणि घड्याळासमोर. गर्दीला कला कळत नाही, असं म्हणून हे उडवून लावणं सोपं आहे. खरं तर इथल्या बहुतेक वस्तू जमवणाऱ्याचीही नजर त्या गर्दीसारखीच होती, आणि त्यातच त्याचं वेगळेपण होतं.

तो जमवणारा म्हणजे तिसरा सालारजंग, मीर युसूफ अली खान. याचा जन्म पुण्याचा, 13 जून 1889चा. महिनाभराचा होण्याआधीच बाप गेला. तेविसाव्या वर्षी, 1912 मध्ये, निजामाने दिवाण केलं. दोन वर्षांनी, 1914 मध्ये, त्याने राजीनामा दिला. लग्न केलं नाही. पुढची पस्तीस वर्षं, 2 मार्च 1949 रोजी मरेपर्यंत, वस्तू आणि पुस्तकं जमवणं हाच उद्योग. स्वतः परदेशी जाऊन खरेदी, बाकी दलालांमार्फत. घेताना शाळा, शैली, शतक हा विचार दुय्यम; वस्तू पाहून माणूस दोन पावलं मागे येऊन पुन्हा पाहतो का, हे महत्त्वाचं. नाहीतर एकाच छपराखाली टिपूच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या हस्तिदंती खुर्च्या, काठ्यांचं अख्खं दालन आणि पोरांची खेळणी कशी आली असती?

लाकडी पुतळा फ्रान्सचा, एकोणिसाव्या शतकातला. सिकॅमोरच्या एकाच ओंडक्यातून कोरलेला. पुढून पाहिलं तर ताठ मानेचा, छद्मी चेहऱ्याचा मेफिस्टोफेलिस, म्हणजे गटेच्या ‘फाउस्ट’मधला सैतान. मागे आरसा. आरशात दिसते ती खाली मान घातलेली मार्गारेटा, त्याच नाटकातली भोळी मुलगी. शिल्पकाराचं नावही माहीत नाही. संग्रहालयात फिरून दमलेली माणसं इथे हमखास आधी पुढे, मग आरशापाशी, मग बाजूला जाऊन उभी राहतात. बाजूने काय दिसतं याची उत्सुकता प्रत्येकाला असतेच.

घड्याळाची गोष्ट आणखी न्यारी. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचं हे घड्याळ. भाग इंग्लंडहून आलेले, जुळणी कलकत्त्याची. तास भरायच्या जरा आधी वरच्या कप्प्यातून दाढीवाला एक बाहुला बाहेर येतो, तासाचे टोले देतो आणि आत जातो. बाजूला एक लोहार आहे, तो सेकंदासेकंदाला हातोडी मारतो. बारा वाजता टोले जास्त, म्हणून गर्दीही जास्त. समोर बसायची सोय केलेली आहे. प्रागच्या जुन्या चौकात 1410 सालच्या खगोल घड्याळाखाली असेच लोक माना वर करून थांबतात, म्युनिकच्या मारियनप्लाट्झमध्येही थांबतात. पण सालारजंगचा बाहुला लहानपणापासून पाहिलेला हैदराबादी तिथे फारसा हरखत नाही. तिथे तर उभंच राहावं लागतं!

मालक गेल्यावर या पसाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्नच होता. मुख्य मुलकी प्रशासक वेल्लोडी यांनी संग्रहालयाची कल्पना लावून धरली, कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांनी वस्तूंची लावालाव केली, आणि 16 डिसेंबर 1951 रोजी नेहरूंनी दिवाण देवडीत दार उघडलं. 1961 मध्ये संसदेने कायदा करून ते राष्ट्रीय महत्त्वाचं ठरवलं. 1968 पासून ते मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आहे.

परदेशातून वस्तू आणण्याऐवजी नजर आणण्याचा प्रयोग विद्यानगरच्या अगदी शेजारी झाला. विद्यानगरहून लोकल सिकंदराबादकडे निघाली, की जामिया उस्मानिया आणि त्यापुढे आर्ट्स कॉलेज. 1930च्या सुमारास उस्मानिया विद्यापीठाची इमारत कशी असावी हे ठरवण्यासाठी निजामाने सय्यद अली रझा आणि झैन यार जंग या दोघा वास्तुविशारदांना जगप्रवासाला धाडलं. युरोप, अमेरिका, जपान, इजिप्त पालथं घालून ते कैरोला बेल्जियन वास्तुविशारद अर्नेस्ट जॅस्परपाशी थांबले. देवळातल्यासारखे खांब आणि मशिदीतल्यासारख्या कमानी एकाच दर्शनी भागात नांदवणारं आर्ट्स कॉलेज त्याच्या आराखड्यावर उभं राहिलं आणि 1939 मध्ये पुरं झालं.

जॅस्परने कैरोत जे केलं होतं ते हेलिओपोलिस. बेल्जियन उद्योगपती एम्पां याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाळवंटात वसवलेलं उपनगर; तिथलं भव्य हेलिओपोलिस पॅलेस हॉटेल जॅस्परचं. आणि याच उपनगरात एम्पांने स्वतःसाठी बांधून घेतलेलं घर म्हणजे जगातल्या विक्षिप्त वास्तूंपैकी एक अव्वल नमुना. आर्किटेक्ट फ्रेंच, अलेक्झांद्र मार्सेल. बांधकाम 1907 ते 1911. ऐन कैरोत, प्रबलित काँक्रीटमध्ये, भारतीय मंदिराच्या आणि अंगकोरच्या शिखरांची नक्कल! भिंतींवर हत्ती, नाग, देवादिकांच्या मूर्ती. पुढे ओस पडल्यावर तिथे भुतं आहेत, मनोरा सूर्याबरोबर फिरत असे, अशा वदंता पसरल्या. डागडुजी होऊन 2020 मध्ये हा महाल लोकांसाठी खुला झाला, तेव्हा नव्या रंगावरून इजिप्तमध्ये चांगलाच वाद झाला. सरकारचं म्हणणं असं, की मूळ रंग हाच. म्हणजे एकाच उपनगराच्या उभारणीत कुणी वाळवंटात देऊळ उभं केलं आणि तिथलाच दुसरा कलाकार दख्खनमध्ये कमानी घेऊन आला. पिरॅमिडला जाणाऱ्या मराठी सहलीत हा महाल सहसा नसतो. विद्यानगरकरांनी तरी तो टाळू नये, शेजारधर्म म्हणून.

मराठी वाचकाला परदेशातली तऱ्हा दाखवण्याचं काम मधल्या काळात प्रवासवर्णनांनी केलं. अनंत काणेकरांपासून ते पु. लं.च्या ‘अपूर्वाई’, ‘पूर्वरंग’पर्यंत माणसांचे नमुने भरपूर भेटले, वस्तूंचे, वास्तूंचे त्या मानाने कमी. लंडनला राहिलेल्या डॉक्टर मीना प्रभूंनी मेक्सिको, तुर्कस्तान, इराण अशा वाटा धुंडाळल्या आणि सहलीच्या कंपनीबाहेर पाऊल टाकायची हिंमत मध्यमवर्गाला दिली. हैदराबादच्या इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयाच्या सभासदांना हे लेखक काही नवे नव्हेत.

मग मुलंच तिकडे गेली. नव्वदीनंतर विद्यानगर, नल्लकुंटा, काचीगुड्यातून सिएटल, डॅलस, ह्यूस्टनला जाणाऱ्यांची रीघ लागली, पाठोपाठ आईवडील. पहिल्या खेपेला नायगारा आणि स्वातंत्र्यदेवी. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तीच ती ठिकाणं पुन्हा कोण बघणार? तिथून खरी शोधाशोध सुरू होते. सिएटलच्या फ्रेमाँट भागात ऑरोरा पुलाखाली 1990 पासून अठरा फुटी काँक्रीटचा राक्षस बसलाय. त्याच्या मुठीत खरीखुरी फोक्सवॅगन बीटल चिरडलेली. ह्यूस्टनमध्ये जॉन मिल्कोविश या निवृत्त रेल्वे कामगाराने 1968 पासून आपलं साधं घर बिअरच्या सपाट केलेल्या डब्यांनी मढवून काढलं. वाऱ्यावर किणकिणणाऱ्या माळाही डब्यांच्याच. आयुष्यभर रद्दी आणि डबे भंगारवाल्याला वजनावर घालणाऱ्या पिढीला हे घर कलाकृती म्हणून पटायला थोडा वेळ लागतो. पण फोटो काढला जातोच. आता आणायचं काही नसतं, विकत घ्यायचं नसतं. पाठवायचं असतं, ताबडतोब, सगळ्या नातेवाइकांना.

आणि वाहतूक उलटीही चालू आहे. जगभरच्या तऱ्हेवाईक ठिकाणांच्या याद्यांत हैदराबादचं जे नाव येतं, ते बहादूरपुऱ्यातलं, प्राणिसंग्रहालयाजवळचं सुधा कार्स म्युझियम. के. सुधाकर यांनी भंगारातून स्वतः बांधलेल्या गाड्या: बुटाची, वांग्याची, हँडबॅगची, क्रिकेटच्या चेंडूची, कॅमेऱ्याची, कमोडची. 2005 मध्ये त्यांनी सुमारे साडेएकेचाळीस फूट उंचीची तीनचाकी सायकल हैदराबादच्या रस्त्यावर चालवून गिनीज बुकात नाव नोंदवलं. 2010 मध्ये संग्रहालय उघडलं. यातल्या गाड्या नुसत्या ठेवायच्या नाहीत, त्या चालतात. परदेशी पाहुणे पत्ता शोधत येतात, बुटापाशी उभे राहून हसतात, मग खाली वाकून इंजिन पाहतात. विद्यानगरहून तिथे जाणं फार लांबचं नाही. तरीही सिएटलचा राक्षस पाहून आलेल्या घरांतून बुटाची मोटार पाहिलेले किती निघतील, ते रविवारी सकाळी गल्लीत विचारून पाहावं. अमेरिकेहून आलेली नातवंडं मात्र तिथे न्या म्हणून हट्ट धरतात.