मालमोटारीच्या इंजिनाचा श्वास



चंद्रपूर जिल्ह्यांतील गडचांदूर हें माझें गांव. चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने यांच्यामुळें त्याचें नांव आपणांपैकीं कित्येकांच्या कानांवरून गेलें असेल. आपल्या घराच्या भिंतींत जें सिमेंट आहे, तें केव्हां तरी कोठल्या तरी मालमोटारीच्या पाठीवरून आलेलें असतें. अशा मालमोटारींपैकीं पुष्कळ एकेका कुटुंबाच्या मालकीच्या असतात. गाडी कर्ज काढून घेतलेली, महिन्याचा हप्ता ठरलेला, आणि घरांतील चूल त्याच गाडीच्या चाकांवर चाललेली. इंजिन अकालीं झिजलें तर दुरुस्तीचा खर्च लाखाच्या घरांत जातो, गाडी उभी राहते आणि हप्ता मात्र थांबत नाहीं. इंजिनाची ही झीज बहुधा हवेंतील धुळीमुळें होते. म्हणून ही धूळ अडविणारी गाळणी, जिला बाजारांत एअर फिल्टर म्हणतात, ती कशी निवडावी हें आज आपण पाहूं.

इंजिनाला अन्नाप्रमाणें श्वासही लागतो. आपलें लक्ष नेहमीं अन्नाकडे, म्हणजे डिझेलकडे असतें. परंतु एक लिटर डिझेल जाळण्यासाठीं साधारणतः १५ ते २० हजार लिटर हवा खर्ची पडते. सहा लिटर घनफळाचें इंजिन घ्या. तें दर दोन फेऱ्यांत एकदां हवेनें भरतें. मिनिटास २००० फेरे होत असतील, तर सहा गुणिले एक हजार, म्हणजे ६००० लिटर अथवा सहा घनमीटर हवा दर मिनिटास आंत जाते. टर्बोचार्जर असेल तर हा आंकडा दीडपट किंवा अधिकही होतो. एवढ्या हवेबरोबर जी धूळ येईल तिचा बंदोबस्त गाळणीनेंच करावयाचा असतो.

आतां धूळ म्हणजे सगळी सारखीच नव्हे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याचें मोज नांवाचें कोष्टक आपण शाळेंत शिकलां असाल. चुनखडीचा अंक त्यांत ३ आहे, कोळसा त्याहूनही मऊ. गडचिरोली जिल्ह्यांत सुरजागडचें लोहखनिज वाहणाऱ्या गाड्यांमागें जी तांबडी धूळ उठते, तिचा अंक साडेपांच ते साडेसहा. आणि साध्या वाळूंत जो गारेचा अंश असतो त्याचा ७. इंजिनाचें बीड व पोलाद सामान्यतः गारेहून मऊ. तेव्हां झाडांची पानें पांढरीं करून टाकणारी चुनखडीची धूळ जितकी भयंकर दिसते, तितकी ती कापणारी नसते. ती गाळणी लौकर तुंबविते. कच्च्या रस्त्यावरची वाळूमिश्रित धूळ मात्र दिसावयास साधी असून सिलिंडरच्या भिंतीवर कानशीप्रमाणें चालते. पिस्टनच्या रिंगा आणि भिंत यांच्यामध्यें तेलाचा जो पडदा असतो, तो मिलिमीटरच्या कांहीं हजारांशांइतकाच जाड. त्याच मापाचे कण तेथें शिरून घांसत राहतात. मग इंजिन तेल खाऊं लागतें, धूर टाकूं लागतें, आणि चढावर ओढ कमी पडते.

गाळणीच्या खोक्यावर ९९ टक्के किंवा ९९.९ टक्के असे आंकडे छापलेले असतात. फरक एका टक्क्याहूनही कमी, असें समजून आपण स्वस्त माल उचलतों. पण हिशेब करावयाचा तो अडलेल्या धुळीचा नव्हे, निसटलेल्या धुळीचा. समजा, दर घनमीटर हवेंत एक दशांश ग्रॅम धूळ आहे आणि गाडी आठ तास चालून सरासरी मिनिटास पांच घनमीटर हवा घेते. दिवसाची हवा २४०० घनमीटर, तींतील धूळ २४० ग्रॅम. पहिल्या गाळणींतून रोज २.४ ग्रॅम आंत जाईल, दुसरींतून ०.२४ ग्रॅम. पंचवीस दिवसांच्या महिन्यांत एका इंजिनाच्या पोटांत ६० ग्रॅम, दुसऱ्याच्या ६ ग्रॅम. फरक दहापटीचा आहे. यास्तव हे आंकडे आय.एस.ओ. ५०११ या आंतरराष्ट्रीय परीक्षापद्धतीप्रमाणें काढलेले आहेत काय, हें विचारून घ्यावें.

तरीपण एकाच गाळणीवर सारा भार टाकणें बरें नव्हे. घरांत जसें आधीं चाळणीनें चाळून मग वस्त्रगाळ करतात, तसेंच येथें करावें. पहिला दरवाजा प्री-क्लीनरचा. त्यांत हवेला भोवऱ्यासारखी फिरवितात. जड कण बाहेरच्या बाजूस फेंकले जाऊन एखाद्या वाटींत सांचतात किंवा खालच्या रबरी तोंडांतून गळून पडतात. चांगला प्री-क्लीनर जाड धुळीचा बहुतेक भाग येथेंच काढून टाकतो. दुसरा दरवाजा घड्या घातलेल्या कागदाची मुख्य गाळणी, जिला दुकानदार आउटर म्हणतात. तिसरा दरवाजा तिच्या पोटांतली लहान गाळणी, म्हणजे इनर. हिचें काम रोज धूळ धरण्याचें नाहीं. आउटर फाटली किंवा बदलतांना धूळ सांडली, तर इंजिन वांचविण्याचें आहे.

निवड करतांना पहिला प्रश्न रस्त्याचा विचारावा. गाडी डांबरी महामार्गावरूनच जाणार असेल, तर चांगली कागदी जोडी पुरे. खाणींत, कच्च्या वाटेवर किंवा दुसऱ्या गाड्यांच्या मागोमाग चालावयाचें असेल, तर प्री-क्लीनर अवश्य घ्यावा. त्यानें कागदाचें आयुष्य कितीतरी वाढतें. दुसरा प्रश्न मापाचा. प्री-क्लीनर इंजिनाच्या हवेच्या मानानें लहान असला तर श्वास कोंडतो. फार मोठा असला तर भोवरा मंद पडून धूळ वेगळीच होत नाहीं. तिसरा प्रश्न बैठकीचा. कागद कितीही उत्तम असो, रबरी कडा घट्ट बसत नसेल तर हवा सोपी वाट धरून बाजूनें जाते. जुन्या गाड्यांवर तेलाची टांकी असलेली गाळणी असे. ती टिकाऊ खरी, पण बारीक धूळ अडविण्यांत कागदाची बरोबरी तिला करतां येत नाहीं. धुवून पुन्हां वापरावयाच्या तेलकट कापडी गाळण्यांविषयींही बहुधा हेंच म्हणावें लागेल. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बी.एस.-६ नियमांच्या गाड्यांत तर अधिक जपावें. झिजलेलें इंजिन जें तेल जाळतें, त्याची राख धुराड्यांतील महागड्या गाळणींत सांचून बसते.

आतां जी गोष्ट सांगतों, ती पुष्कळांना उलटी वाटेल. मळलेली गाळणी नव्या गाळणीपेक्षां अधिक धूळ अडविते. कागदावर बसलेला धुळीचा थर स्वतःच बारीक गाळणी होतो. म्हणून कागद काळा किंवा पांढरा झाला कीं रोज उघडून झटकणें, चाकावर आपटणें, टायरच्या दुकानांतील जोराच्या हवेनें फुंकणें, हें प्रेम इंजिनाला महागांत पडतें. आपटल्यानें घड्या चिरतात, फुंकल्यानें छिद्रें मोठीं होतात, आणि प्रत्येक वेळीं झांकण उघडतांना थोडी धूळ स्वच्छ बाजूस सांडते. निर्मात्यानें फुंकण्याची मुभा दिली असेल, तरच कमी दाबाच्या हवेनें आंतून बाहेर फुंकावें. इनर गाळणी मात्र कधींच साफ करूं नये. साधारणतः आउटर तीनदां बदलली कीं ती बदलावी.

मग बदलण्याची वेळ ओळखावी कशी? नळीनें उसाचा रस पितांना नळींत चोथा अडकला कीं ओढ वाढते, तसेंच इंजिनाचें होतें. ही ओढ दाखविणारा एक लहान दर्शक गाळणीजवळ बसवितां येतो. मर्यादा ओलांडली कीं त्यांत लाल खूण दिसते. मोठ्या डिझेल इंजिनांकरितां ही मर्यादा सामान्यतः पाण्याच्या ५०० ते ६३५ मिलिमीटर उंचीइतकी असते. डोळ्यांवर विश्वासण्यापेक्षां या खुणेवर विश्वासावें.

शेवटीं, गाळणीपासून टर्बोपर्यंतची नळी आणि तिचे पट्टे विसरूं नयेत. तेथें चीर पडली तर तिन्ही दरवाजे लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखें होईल. गाळणी बदलतांना आंतल्या बाजूनें पांढरें फडकें फिरवावें; त्याला धूळ लागली तर कोठें तरी वाट फुटली आहे असें समजावें. ज्या घरीं गाडी आहे, त्या घरांतील लिहित्या मुलानें किंवा मुलीनें एक वही घालावी आणि तींत गाळणी बदलल्याची तारीख, किलोमीटरांचा आंकडा, दर्शकाची खूण व घातलेल्या तेलाचें माप लिहून ठेवावें. तेल अधिक लागूं लागलें कीं ती वही चालकाच्या आधीं बोलेल, आणि दुरुस्ती लहान असतांनाच होईल.