तीन हृदयांचा जमाखर्च

ज्या प्राण्याच्या देहात एक नव्हे, तीन हृदये अहोरात्र चालू असतात, त्या ऑक्टोपसची गणना अ‍ॅरिस्टॉटलने रक्तहीन प्राण्यांत केली होती; आणि त्याबद्दल त्या थोर निरीक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण ज्याला आपण रक्त म्हणून ओळखतो तो तांबडा द्रव हा प्राणी चिरला असताही दृष्टीस पडत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांच्या घरी ऑक्टोपसचे भाऊबंद असलेले म्हाकूळ येते, त्यांनाही ते साफ करताना हाच अनुभव येतो: काळ्या शाईने बोटे माखतात, पण रक्ताचा मागमूस नसतो. रक्त असते, परंतु प्राणवायू गमावल्यावर ते पाण्यासारखे वर्णहीन होते. प्राणवायूचा संयोग झाला म्हणजे तेच निळी छटा धारण करते. या निळाईच्या मुळाशी असलेल्या ताम्रयुक्त प्रथिनाचा ऑक्टोपसच्या रक्तात अभ्यास करून, लेऑन फ्रेडेरिक या बेल्जियन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८७८ साली त्याला हिमोसायनिन हे नाव दिले.

हे हिमोसायनिन दिसायला मोठे ऐश्वर्यवान आहे. आपल्या हिमोग्लोबिनचा एक रेणू प्राणवायूचे चार रेणू वाहतो, तर ऑक्टोपसच्या हिमोसायनिनचा सत्तर. मात्र त्याचे वजनही हिमोग्लोबिनच्या पन्नासपटींहून अधिक असल्यामुळे, वजनाच्या हिशेबाने पाहू गेल्यास हा वाहक बराच तोट्याचा ठरतो. शिवाय, हिमोग्लोबिन जसे तांबड्या पेशींत बंदिस्त असते तसे हे नसून ते थेट रक्तद्रवात विरघळलेले असते, आणि त्याचे प्रमाण वाढवीत नेले तर रक्त दाट होऊन वाहणेच दुष्कर होते. परिणामी तेवढ्याच रक्तात मावणारा प्राणवायू आपल्या रक्ताच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरतो.

शिंपले, कालवे यांना याहूनही तुटपुंजी मिळकत पुरते. देहाच्या पोकळ्यांतून मंदपणे झिरपणारे रक्त त्यांच्या बैठ्या आयुष्याला पुरेसे आहे. पण त्यांच्याच कुळात जन्मून ज्याने शिकाऱ्याचा पेशा पत्करला, आठ बलिष्ठ बाहू आणि सुमारे पन्नास कोटी चेतापेशी पोसण्याची जबाबदारी अंगावर घेतली, त्या ऑक्टोपसला दरिद्री रक्तावर श्रीमंती संसार चालवणे भाग पडले. म्हणून त्याचे रक्ताभिसरण वाहिन्यांच्या अखंड जाळ्यात बांधलेले आहे, आणि म्हणूनच त्याला हृदये तीन आहेत.

बाहूंकडून व मस्तकाकडून परतणारे रक्त महाशिरेतून येऊन दोन शाखांत विभागते, आणि कल्ल्यांच्या बुडाशी तैनात असलेल्या दोन कल्लाहृदयांत रवाना होते. त्यांचे काम एवढेच, की हे रक्त कल्ल्यांतील अतिसूक्ष्म केशवाहिन्यांतून रेटून पार करावे. या अरुंद मार्गात दाब खर्ची पडतो; माशांच्या देहात एकच हृदय असल्याने कल्ल्यांपलीकडचा सारा प्रवास त्या उरल्यासुरल्या दाबावर होतो. ऑक्टोपसमध्ये मात्र, डाकेच्या टप्प्यावर ताजे घोडे जुंपावेत त्याप्रमाणे, प्राणवायू घेतलेले रक्त तिसऱ्या, मध्यवर्ती हृदयाच्या स्वाधीन होते. दोन अलिंदे व एक निलय असलेले हे हृदय त्याला नवा जोर देऊन साऱ्या शरीरात धाडते. कल्लाहृदयांकडे आणखी एक खाते सोपवलेले आहे, ते उत्सर्जनाचे: त्यांना जोडलेल्या उपांगांतून रक्त गाळले जाऊन मूत्रनिर्मितीचा आरंभ होतो. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पारदर्शक पिलांमध्ये या हृदयांची धडधड सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते.

इतक्या चोख बंदोबस्तातही एक उणीव राहून गेली आहे. ऑक्टोपस वेगाने पळतो तो प्रावार, म्हणजे देहाभोवतीची स्नायुमय पिशवी, आवळून आतले पाणी नळीवाटे जोराने बाहेर फेकून. आणि ती आवळली की आतला दाब इतका वाढतो, की मध्यवर्ती हृदय तेवढ्या अवधीत चक्क थांबते. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ मार्टिन वेल्स (कादंबरीकार एच. जी. वेल्स यांचे नातू) यांनी या हृदयांचा दीर्घ अभ्यास केला होता. ज्या क्षणी स्नायूंची मागणी सर्वाधिक, नेमक्या त्याच क्षणी पुरवठा बंद, असा हा विलक्षण मामला आहे. त्यात, धमन्यांतून आलेला बहुतेक प्राणवायू विश्रांतीतही वापरला जात असल्यामुळे, शिरांतील रक्तात अडीअडचणीसाठी फारशी शिल्लक उरत नाही. तेव्हा स्नायू प्राणवायूविना काम भागवतात, त्यांत ऑक्टोपाइन नावाचे द्रव्य साचते, आणि हे कर्ज फेडायला दीर्घ विसावा लागतो. तळाच्या खडकांवरून बाहूंच्या आधाराने सरपटत जाणे ऑक्टोपस पोहण्याहून अधिक पसंत करतो, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.