नाग नदीसाठी श्रमदान : घाणीत पुन्हा आपणच का उतरायचे?

सुट्टी लागली की विहारांमधून श्रामणेर शिबिरे, बालसंस्कार शिबिरे भरतात. याच सुट्टीतला एखादा आठवडा नदीच्या श्रमदानाला द्यावा, असे तरुणांनी म्हटले की घरातली जाणती माणसे विचारतात, "बाबासाहेबांनी ज्या घाणीतून बाहेर काढले, तिच्यातच पुन्हा का उतरता?"

हा प्रश्न रास्त आहे. जातीने लादलेली घाणीची कामे सोडा, असे बाबासाहेबांनी समाजाला वारंवार बजावले. म्हणून श्रमदानात नेमके काय करायचे आणि काय करायचे नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

नाग नदीशी आपले नाते

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी हे शहर का निवडले ते सांगितले. बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी, आणि येथून वाहणारी ती नाग नदी, असा उल्लेख त्यांनी केला. आज हीच नदी शहराचे सांडपाणी घेऊन वाहते. ती पुढे पिली नदीला भेटते, कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. म्हणजे नागपूरची घाण गोसीखुर्द धरणाच्या पाण्यापर्यंत पोहोचते. तिथला मच्छीमार आणि शेतकरी तिची किंमत मोजतो.

काय करायचे नाही

सांडपाण्यात, गटारात, चेंबरमध्ये कुणीही उतरायचे नाही. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करणे ही महापालिकेची जबाबदारी आहे. ती आपण फुकट पार पाडायची नाही, तिचा हिशेब मागायचा. नदीत येऊन पडणारा प्रत्येक नाला नकाशावर मांडा, फोटो काढा, माहिती अधिकारात विचारा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. हेही श्रमदानच आहे.

आणखी एक अट. श्रमदानाला फक्त आपल्याच वस्तीतली मुले असतील, तर ते काम पुन्हा जातीचे होईल. शहरातल्या सर्व वस्त्यांना, सर्व समाजांना बोलवा.

मग हाताने काय करायचे?

प्रक्रिया केंद्र पाणी शुद्ध करेल, पण नदीचा काठ परत आणणार नाही. काठ जिवंत असेल तर झाडांची मुळे माती धरून ठेवतात, पक्षी-मासे-कीटक परततात. हे काम माणसांच्या हातांनीच होते, आणि ते एका दिवसाचे नाही. सुट्ट्यांप्रमाणे त्याची विभागणी करता येते.

उन्हाळ्यात पाणी कमी असते. तेव्हा कोरड्या काठावरचे प्लास्टिक, चिंध्या, काच वेचा. अर्जुन आणि करंजाच्या बिया गोळा करून रोपे तयार करा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर लावा. दिवाळीच्या सुट्टीत रोपांभोवतीचे तण काढा, कुंपण दुरुस्त करा, पाण्याची पाळी ठरवा. रोप जगते ते या तिसऱ्या टप्प्यात, आणि नेमका तोच टप्पा आपण विसरतो.

जलपर्णी तलावात असेल तर काठावरून दाताळ्याने ओढा. तिचा तुकडा राहिला तरी पुन्हा वाढते, म्हणून पाण्यापासून दूर नेऊन वाळवा. सांडपाणी येत राहिले तर ती परत येणारच, हेही लक्षात ठेवा.

सगळेच 'साफ' करू नका. पाणकणीस उपटले की पाणपक्ष्यांचा आसरा जातो. जेसीबीने काठ सपाट केला की खंड्याची बिळे बुजतात. टिटवी उघड्या खडीवरच अंडी घालते, म्हणून तिथे पाय जपून टाका.

गमबूट आणि जाड हातमोजे सर्वांना हवेत. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी नोंदी ठेवण्याचे काम घ्या, कारण दूषित पाण्यातून लेप्टोचा धोका असतो.

धम्माच्या वाटेवरचे काम

भिक्खूने पाण्यात थुंकू नये, मलमूत्र विसर्जन करू नये, असा विनयाचा नियम आहे. वने आणि उद्याने लावणाऱ्याचे, पाणपोई आणि विहिरी करणाऱ्याचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असे संयुत्त निकायातील वनरोप सुत्त सांगते. सम्राट अशोकानेही वाटेवर झाडे लावली, विहिरी खणल्या आणि ते शिलालेखांत कोरून ठेवले.

म्हणून घरच्यांच्या प्रश्नाला उत्तर असे देता येईल : लादलेले काम नाकारणे हा आपला स्वाभिमान आहे, आणि स्वतः निवडून, सर्वांना सोबत घेऊन, हक्क मागत केलेले काम हा आपला धम्म आहे. येत्या सुट्टीत आपल्या विहारात बैठक घ्या, जवळच्या नदीचा फक्त शंभर मीटर काठ निवडा आणि तीन वर्षे तो सोडू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!