नव्या ट्रकचालकाला डॉक्टरांचा दाखला अनिवार्य

खासगी मोटारीच्या परवान्यासाठी चाळिशीच्या आतील अर्जदाराला प्रकृतीविषयीचे स्वयंघोषणापत्र पुरते. ट्रकचालकाला मात्र, वय कितीही असो, नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८ मध्ये तशी तरतूद आहे. 'नमुना १-अ' या विहित अर्जात डॉक्टर दृष्टी, श्रवणशक्ती व हातापायांतील व्यंग यांची नोंद करतात.

परवान्याच्या नूतनीकरणासाठीही नवा दाखला लागतो. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण मालवाहतुकीच्या परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली. या काळात चालकाची नजर मंदावली, तरी परवाना वैधच दिसतो. त्यामुळे नव्या चालकाच्या हाती ट्रक सोपविताना मालकाने केवळ परवाना न पाहता त्याचे डोळेही तपासून घेणे हिताचे ठरते.